मॅरिड की अनमॅरिड

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मेश्राम सिस्टर, बाळंतपणाचे किस्से लिहा. जुळी-तिळी, ऑटोत झालेलं बाळ, असं काही. लोकांना आवडते." असे किस्से माझ्याकडे आहेत. ऑटोत झालेल्या बाळाचं नाव काय ठेवलं तेही सांगू शकते. पण ते मी घरी इतक्यांदा सांगितले आहेत की आता माझी सूनच ते माझ्याआधी संपवते. म्हणून यंदा दुसरं लिहिते.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या दोघींची परवानगी घेतली आहे. नावं आणि थोड्या खुणा बदलल्या आहेत. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं, तर त्यातल्या एकीने दुरुस्ती सांगितली, "दीदी, मैं काउंटर पे रोई नहीं थी." म्हणून तेवढं वाक्य काढून टाकलंय.

मी बत्तीस वर्षं रायपूरच्या समता कॉलोनीतल्या बायकांच्या एका छोट्या हॉस्पिटलात होते. शेवटची बरीच वर्षं ओपीडीला. पेशंट डॉक्टर मॅडमच्या खोलीत जाण्याआधी माझ्या टेबलाशी थांबायची. वजन, बीपी आणि कार्डावर हिस्ट्री. नाव, वय, पाळीची तारीख, मुलं किती, कुठलं ऑपरेशन झालंय का. आणि या सगळ्याच्या वर कोपऱ्यात एक अक्षर, एम किंवा यू. मॅरिड की अनमॅरिड.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढंसं अक्षर. पण पुढचं सगळं त्याच्यावर ठरायचं. एम असेल तर मॅडम आतून तपासणार, आणि वय तिशीच्या पुढे असेल तर पॅप स्मिअर करायला सांगणार. पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरून एका लहानशा ब्रशने थोड्या पेशी घ्यायच्या आणि लॅबमध्ये पाठवायच्या. पाच मिनिटांचं काम. पण कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी त्याची चाहूल त्यात लागू शकते. आणि यू असेल तर पोटावरून हात, पोटावरून सोनोग्राफी, गोळ्या लिहून दिल्या, झालं. यू म्हणजे हिचा कोणाशी संबंध आलेला नाही, आणि संबंध म्हणजे पुरुषाशीच, असं आम्ही धरून चालत होतो. कार्ड छापणाऱ्याच्या डोक्यात तिसरं काही नव्हतं. ते भरणाऱ्या माझ्याही नव्हतं.

नव्हतं असं तरी कसं म्हणू. एकदा ते माझ्या टेबलाशी येऊन बसलं होतं. मला नोकरीत आठ-नऊ वर्षं झाली असतील. हॉस्टेलला राहणारी एक मुलगी आली, वीस-एकवीस वर्षांची. अंगावरून जात होतं, आग होत होती. मी नेहमीप्रमाणे दबक्या आवाजात विचारलं, "कोई लड़का है क्या?" ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "लड़का नहीं है. लड़की है."

मी तिला रागावले नाही. शेजारी आयाबाई उभी होती, तिच्याकडे बघून फक्त हसले. मग म्हणाले, "फिर तो कोई टेंशन ही नहीं." मुलीने दोन क्षण वाट पाहिली. पाणी पिऊन येते म्हणाली आणि आलीच नाही. तिचं कार्ड संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर पडून होतं. मी रागावले असते तर कदाचित तिने उलटून उत्तर दिलं असतं. त्या हसण्याला ती काय उत्तर देणार होती? तिचं पुढे काय झालं, तिने दुसरीकडे दाखवलं की नाही, मला माहीत नाही. आता ती पंचेचाळिशीला आली असेल.

रजनी आली ती माझ्या निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली होती तेव्हा. वय बेचाळीस, नवा रायपूरला सरकारी ऑफिसात नोकरी, राहायला तेलीबांध्याला. आडनाव आपल्याकडचं, पण माझ्या मराठीला तिने हिंदीत उत्तरं दिली. इथे त्याचं नवल वाटत नाही. आमच्या घरची मुलंही मराठी ऐकतात आणि हिंदीत बोलतात. सात-आठ महिन्यांपासून मध्येच डाग दिसत होते. मी विचारलं, मॅरिड की अनमॅरिड. ती म्हणाली, "अनमैरिड." मी यू लिहिलं. मॅडमनी सोनोग्राफी करवली, ती ठीक निघाली, गोळ्या दिल्या.

तीन महिन्यांनी ती परत आली, चेहरा उतरलेला. सोबत एक बाई होती, तिच्याच वयाची, सावळी, ठसठशीत, हातात फाइल आणि पाण्याची बाटली. ही लता. पंडरीला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. मी रजनीला विचारायची आणि लता सांगायची. मागची पाळी अकरा तारखेला. डाग चार दिवस. गोळीने मळमळ होते, म्हणून दोन दिवस चुकली. मी तिला विचारलं, "आप कौन?"

"रूममेट," रजनीच मध्ये म्हणाली, जरा घाईने.

चाळिशी उलटलेल्या, कमावत्या दोघी रूममेट. माझ्या मनात आलं ते आलं. हॉस्टेलची ती मुलगी डोळ्यांसमोर उभी राहिली. मी आयाबाईला वॉर्डात पाठवलं आणि उठून दार लोटून घेतलं. त्या दोघींना वाटलं, काहीतरी वाईट सांगणार.

काय बोलावं ते मला येत नव्हतं. असं कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "एक बात पूछती हूँ. जवाब नहीं देना हो तो मत देना. आपका कोई अपना है क्या, आदमी हो या औरत? मुझे सिर्फ जाँच के लिए चाहिए. और कुछ नहीं."

रजनी खाली बघत बसली. लता काही बोलायला गेली तर रजनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवलं आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"सिस्टर, तुम्ही माह्या आईले ओळखता. कमलबाई. विहारात तुमच्याच बाजूले बसते दर रविवारी."

मी चमकले. कमलबाईंना मी वीस वर्षं ओळखत होते. त्यांच्या मोठ्या पोरीचं लग्न झालं नाही, म्हणून त्यांनी माझ्याजवळ डोळ्यांना पदरही लावला होता.

"म्हणून मी हिंदीत बोलून राहिली होती," रजनी म्हणाली. "मागल्या वेळी तुम्हाले पाहिलं अन् वाटलं, परत यायचंच नाही. हिनं ओढून आणलं."

"हे पाहा," मी म्हटलं, "दवाखान्यातलं मी विहारात नेत नाही. आजवर नेलं नाही. नाहीतर या गावात माझ्याजवळ कोणी बसलं असतं का?"

ती थोडं हसली. मग सांगायला लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. बारा वर्षांपासून त्या दोघी सोबत राहत होत्या. पाळीचा त्रास तिला आधीही होता. एका डॉक्टरने सांगितलं, शादी कर लो, सब ठीक हो जाएगा. दुसरीकडे तपासायला आईची परवानगी घेऊन या म्हणाले, तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. तिसरीकडे तिने हिंमत करून खरं सांगितलं. तिथल्या डॉक्टरने मनाच्या डॉक्टरला दाखवा म्हणून चिठ्ठी दिली, आणि ती बाहेर येईपर्यंत तिथल्या दोन सिस्टर तिला बघायला दारात येऊन उभ्या होत्या. त्यानंतर सहा वर्षं तिने दवाखान्याची पायरी चढली नाही.

"कमी-जास्त होत होतं, पण वाटे, मरू दे. तिथं जाण्यापेक्षा हे बरं."

लताची गोष्ट वेगळी होती. ती बलौदाबाजारकडची, तिचं लग्न झालं होतं. नवरा आजारपणात गेला. ती म्हणाली, "आदमी अच्छा था दीदी, मैं उसको चाहती थी. अब इसको चाहती हूँ. दोनों सच है." आणि गंमत अशी, की तिचं स्मिअर वेळच्या वेळी होत आलं होतं, कारण तिच्या कार्डावर कुठल्यातरी सिस्टरने कधीकाळी एम लिहिलं होतं. एकाच घरात, एकाच पलंगावर निजणाऱ्या दोघी. एकीची तपासणी नियमाने, दुसरीची बेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

"आम्हाले वाटलं, बायाबायांत असा आजार लागतच नाही," रजनी म्हणाली.

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी विचारलं, "मॅडमले सांगू का? तुम्ही हो म्हटलं तरच."

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लता म्हणाली, "हव, बता दो."

मॅडम हुशार बाई, हाताने नाजूक, पण बोलायला तुटक. मी आत जाऊन सांगितलं. त्या पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "सिस्टर, ये सब मुझे क्यों बता रही हो?" मी म्हटलं, "मॅडम, यू लिहिलंय म्हणून आपण तिला आतून तपासलंच नाही. त्याने फरक पडतो का, एवढंच विचारायचं आहे." त्यांनी रजनीचं कार्ड ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, "पड़ता है. ये कैंसर जिस वायरस से होता है, वो तो छूने से भी जाता है." आणि कार्ड परत देत म्हणाल्या, "मैंने कभी पूछा ही नहीं किसी से." इतक्या वर्षांत मॅडमच्या तोंडून स्वतःच्या चुकीबद्दल मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

तपासणीला रजनी फार घाबरली. मी सगळ्यात लहान मापाचं उपकरण काढलं, कोमट पाण्यात धरलं. लताला डोक्याशी उभं राहू दिलं. मॅडम प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या, अभी हाथ लगाऊँगी, अभी थोड़ा दबाव लगेगा. एरवी त्या असं सांगत नसत. ब्रश फिरवून झाल्यावर रजनी म्हणाली, "बस, इतना ही?" मॅडम म्हणाल्या, "इतना ही था."

रिपोर्ट वाईट आला. म्हणजे कॅन्सर नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावरच्या पेशी. दुर्बिणीतून तपासून लहानसा तुकडा घेतला, त्यातही तेच. मॅडमनी ठरवलं, गर्भाशयाच्या तोंडाचा तेवढा भाग काढायचा. एक दिवस भरती. पण काढलेला भाग पूर्ण तपासल्याशिवाय, आत खोलवर कॅन्सर सुरू झालाय की नाही ते सांगता येणार नव्हतं.

भरतीच्या दिवशी सकाळी मी वॉर्डात चादरी बघत होते. खालून फोन आला. काउंटरवरचे भैया अडून बसले होते. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाईकाची सही पाहिजे, आणि ही बाई म्हणते मीच करते.

मी खाली गेले. रजनी खुर्चीवर बसली होती, उपाशीपोटी, हातात बॅग घट्ट धरून. लता काउंटरला टेकून उभी.

"ब्लड रिलेशन में कोई नहीं है क्या?" भैया विचारत होते. "भाई, माँ, कोई तो होगा."

भाऊ होता, भिलाईला. त्याला बोलावलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. का भरती झाली, काय निघालं, कशामुळे आणि ही सोबत कोण. रजनी मला म्हणाली, "सिस्टर, राहू द्या. मी घरी जातो. मंग पाहू."

मंग पाहू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आणखी सहा वर्षं.

मी भैयांना म्हटलं, "पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, तुमच्यासमोर बसली आहे. मुख्य सही तिचीच. दुसरी सही आपण घेतो ती सोबत कोण आहे हे कळायला." ते म्हणाले, आजतक तो ऐसा नहीं किया. मी म्हटलं, आज करा. माझा आवाज वाढला असावा, कारण बाकावरच्या बायका बघायला लागल्या. तेवढ्यात मॅडम जिन्यावरून उतरल्या. काय झालं म्हणून विचारलं, ऐकून घेतलं आणि भैयांना म्हणाल्या, "पेशंट का साइन लो. साथ में जिसको पेशंट बोले, उसका. मैं देर से चल रही हूँ." आणि ऑपरेशन थिएटरात निघून गेल्या.

भैयांनी कागद लताकडे सरकवला. मनाने वाईट माणूस नव्हता तो, नेहमीचीच रीत चालवत होता. लताने नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि 'रिश्ता' या रकान्यावर पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जो है वो लिखो."

आमच्याकडे प्रत्येक काउंटरवर एकच प्रश्न असतो, घर से कौन आया है? लताने रकान्यात लिहिलं, 'घर से'. भैयांनी वाचलं, मान हलवली आणि शिक्का मारला.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. पण माझी धावपळ अजून संपली नव्हती. दुपारी चारच्या सुमारास जिन्यावर कमलबाई दिसल्या, हातात डबा. विहारातल्या कोणीतरी रजनीला सकाळी दवाखान्यात पाहिलं होतं. त्यांना वाटणार मीच लपवलं, आणि रजनीला वाटणार मीच सांगितलं.

"सिस्टर, माह्या पोरीले काय झालं?"

"तिलेच विचारा, कमलबाई. ती बरी आहे. मी नाही सांगू शकत."

"तुम्हाले माहीत होतं ना?"

"होतं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि खोलीत गेल्या. मी दाराबाहेरच्या टेबलावर उगाच फायली उलटत बसले. आतून फारसं ऐकू येत नव्हतं. लता स्टुलावरून उठल्याचा आवाज आला. कमलबाई म्हणाल्या, "काहून उठतं? बस." मग डबा उघडल्याचा आवाज, आणि रजनी रडत होती की खात होती ते मला कळलं नाही.

अर्ध्या तासाने कमलबाई बाहेर आल्या. चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रात्रीले कोण थांबून राहिलं तिच्याजवळ?"

"लता थांबणार आहे."

"हं." त्यांनी पदर सारखा केला. "मंग मी जातो. डबा उद्या धुऊन पाठवजा म्हणा तिले." आणि कठडा धरत हळूहळू जिना उतरल्या. त्यांना किती समजलं होतं आणि किती दिवसांपासून, ते मी कधी विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्या विहारात माझ्याच बाजूला येऊन बसल्या.

रिपोर्टला अकरा दिवस लागले. रजनी ऑफिसला जाऊ लागली होती. पण लता रोज दुपारी दुकानातून फोन करायची, "आया क्या दीदी?" मी म्हणायची, नाही. अकराव्या दिवशी लिफाफा आला. मॅडमनी माझ्यासमोर फोडला, दोनदा वाचला आणि माझ्या हातात दिला. काढलेल्या भागात कॅन्सर नव्हता. कडा साफ होत्या, म्हणजे खराब पेशी होत्या तेवढ्या सगळ्या निघाल्या होत्या, मागे काही उरलं नव्हतं.

मी लताला फोन लावला. मागे दुकानातल्या मुलीचं शिलाई मशीन चालू होतं. मी सांगितलं, तसं लताने ते बंद करायला लावलं. मग म्हणाली, "दीदी, रुको, मैं बैठ जाती हूँ." आणि थोड्या वेळाने, "फिर से बोलो."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही सांगितलं. मग फोन ठेवला. बत्तीस वर्षांत मी किती रिपोर्ट हातात घेतले असतील. पण हा आधीच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा मला जास्त लागून राहिला होता. यू मी स्वतः लिहिलं होतं ना.

त्यानंतर कार्ड बदललं. बदललं म्हणजे मॅडमनी मोठं भाषण दिलं असं काही नाही. पुढची छपाई आली तेव्हा त्यात कोपऱ्यातलं ते अक्षर नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, 'साथ में कौन रहता है' आणि खाली, 'पेशंट से अकेले में पूछें'. मॅडमनी मला दाखवलंसुद्धा नाही. गठ्ठा टेबलावर ठेवून त्या राउंडला गेल्या.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या जागी जागृती नावाची तरुण सिस्टर आली, कोरब्याची. तिला मी सगळं शिकवलं, पण ही एक गोष्ट शिकवताना नीट शब्द सापडले नव्हते. जाताना वाटलं होतं, ते राहूनच गेलं.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी तिचा फोन आला. "दीदी, बिलासपुर से दो लेडीज़ आई हैं. मेश्राम सिस्टर हैं क्या, पूछ रही थीं. किसी ने आपका नाम बताया है." मी वरण चढवलं होतं. गॅस बंद केला, साडी बदलली, ऑटो केला. वाटेत ठरवत होते, काय विचारायचं, कसं विचारायचं, मॅडमशी आधी बोलायचं की नंतर. अर्ध्या तासात पोचले.

बाकावर कोणी नव्हतं. जागृतीच्या टेबलावर पाण्याचे दोन ग्लास रिकामे होते. "वो दोनों अंदर हैं," ती म्हणाली. "मैंने हिस्ट्री ले ली, दीदी. दोनों को साथ में भेजा है. मैडम देख रही हैं."

"काही अडचण?"

"नहीं तो," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

मॅडमच्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसता सूर. कोणीतरी हसलं. मी बाकावर टेकले, घाम पुसला, घोटभर पाणी प्यायले. मग जागृतीला हात केला आणि वरण अर्धं शिजलेलं होतं म्हणून घरी परत आले.